थापी कोणाच्या हाती?



आपल्या गोंदिया जिल्ह्यात कुठेही घरकुल, नाली किंवा शाळेची खोली बांधणे सुरू असले की दोन शब्द कानावर पडतात. एक मिस्त्री आणि दुसरा रेजा. मिस्त्री म्हणजे हातात थापी आणि ओळंबा घेऊन भिंत उभी करणारा. रेजा म्हणजे त्याला विटा, रेती आणि कालवलेला माल वाहून देणारी. मिस्त्री पुरुष असतो आणि रेजा बाई असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. ते शब्दातच बसलेले आहे. मजुरीही शब्दाप्रमाणे ठरते. दिवस दोघांचा सारखाच, ऊनही सारखेच, पण संध्याकाळी हातात पडणारे पैसे सारखे नसतात.

या दोन शब्दांमधले अंतर कसे पडले, त्याचा इतिहास आज सांगते. त्याच्या जोडीला आणखी एका कामाचा इतिहास सांगणार आहे, तो म्हणजे छपाईचा. पूर्वी छापखान्यात चालणारे हे काम आज संगणकावर आणि मोबाइलवर चालते. बांधकाम आणि छपाई एका दमात का, असे कोणी विचारील. कारण ही दोन्ही कामे आपल्या पोरींसमोर एकाच यादीत येतात. दहावीचा निकाल लागला की आयटीआयच्या, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या, प्रवेशाची यादी निघते. त्या यादीत गवंडी, नळ कारागीर, सुतारकाम, आरेखक स्थापत्य असते. त्याच यादीत संगणकाचा कोपा, डीटीपी आणि मल्टिमीडियाही असतो. पोरगी त्यातले कोणते नाव लिहिते आणि कोणत्या नावाकडे बघतसुद्धा नाही, हे तिच्या एकटीच्या मनाने ठरत नाही. त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांची सवय आहे.

मातीच्या घरात कारागीर कोण होते?

आपल्याकडची जुनी घरे मातीची आणि कवेलूची. अशा घराची भिंत एकदा उभी केली की संपले, असे नसते. पावसाळ्यात तिची माती धुऊन जाते, तडे जातात, ओटा खचतो. मग दर वर्षी दिवाळीआधी माती कालवायची, त्यात भुसा आणि शेण किती घालायचे याचा अंदाज घ्यायचा, तडे भरायचे, हाताने लिपून सारखे करायचे आणि वरून पांढऱ्या छुईने पोतायचे. हे सगळे काम बायकांचे. माती चिकट निघाली तर भिंत वाळताना फाटते आणि भुरभुरीत निघाली तर गळून पडते, हे आपल्या आज्यांना कोणी वहीत लिहून दिले नव्हते. पण त्यांना ते पक्के माहीत होते.

आता विचार करा. भिंतीवर गिलावा चढवणे म्हणजे दुसरे काय आहे? मातीच्या जागी सिमेंट आले, हाताच्या जागी थापी आली. काम तेच राहिले, पण ते बाईच्या हातून निघून मिस्त्रीकडे गेले. बाई त्याच भिंतीजवळ डोक्यावर घमेले घेऊन उभी राहिली.

कोणी म्हणेल, बाईला ते जमणार नाही, ताकद लागते. ओल्या मालाने भरलेले घमेले थापीपेक्षा किती तरी जड असते, आणि ते पहिल्या मजल्यावर बाईच चढवते. खरे कारण शिकवणीत आहे. मिस्त्रीचे काम बाप पोराला शिकवी, काका पुतण्याला शिकवी. पोरगा आधी विटा देई, मग सूत धरी, मग एखाद्या कोपऱ्यात थापी चालवून बघे. चार-पाच वर्षांत तो मिस्त्री होई. रेजा वीस वर्षे विटा देत राहिली तरी तिच्या हाती सूत आले नाही. आईकडून लेकीला मिळालेली लिपणाची विद्या घरातच राहिली. तिला मजुरी नव्हती, म्हणून तिला कोणी विद्याही म्हटले नाही.

आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांधसारखे मोठे तलाव आणि गावोगावच्या बोड्या यांच्यासाठी कोहळी समाजाचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण पाळीवर टोपल्याटोपल्याने माती पडली, तेव्हा ती टोपली वाहणाऱ्या हातांत बाईचे हात किती होते, याची नोंद कुठल्या कागदावर नाही. काम केलेले दिसते, करणारी दिसत नाही.

कागदावरचा शब्द : अकुशल

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. त्यामागे वि. स. पागे यांची कल्पना होती. १९७७मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक करणारा असा कायदा देशात आधी नव्हता. या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने आल्या. रस्ते, बंधारे, पाझर तलाव त्यांच्या हातांनी झाले. पुढे २००५मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा आला आणि कामावर निदान एक तृतीयांश बायका असाव्यात असे त्यात लिहिले गेले.

याचा फायदा आपण सगळ्यांनी अनुभवला आहे. पण या कायद्यांनी हमी दिली ती अकुशल अंगमेहनतीच्या कामाची. म्हणजे बाईला कामाचा हक्क मिळाला आणि त्याच वेळी तिच्या नावापुढे अकुशल हा शब्दही कायम झाला. १९७६मध्ये समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा झाला होता. त्या कायद्याची मेख अशी की काम समान असले पाहिजे. मिस्त्री आणि रेजा ही दोन वेगळी कामे धरली की मजुरी वेगळी ठेवायला मोकळीक. आपल्याला कमी पैसे बाई म्हणून मिळतात, असे कोणी म्हणत नाही. रेजा म्हणून मिळतात, असे म्हणतात. आणि रेजा तर बाईच असते.

कागदाची किंमत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. आपल्या आयांनी, सासवांनी घरी बसून बिड्या बांधल्या. १९६६च्या कायद्याने घरी बिडी बांधणाऱ्या बाईलाही कामगार मानले आणि १९७६मध्ये बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. मग बिडी कामगाराचे ओळखपत्र आले. काम तेच होते, पण कार्ड असलेल्या बाईच्या पोरांना शिष्यवृत्ती मागता आली, दवाखान्याची सोय मागता आली. कार्ड नसलेली शेजारीण तितक्याच बिड्या बांधून मागेच राहिली. म्हणून म्हणते, कागद हलका समजू नका.

केडगावचा छापखाना

हत्यार, शिकवणी आणि विश्वास हे तिन्ही बाईला एका वेळी मिळाले तर काय होते, ते बघायला आपण सव्वाशे वर्षे मागे पुणे जिल्ह्यात जाऊ. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा आणि निराधार बायकांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपला भंडारा-गोंदियाचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतातच होता. रमाबाई त्या प्रांतात फिरल्या आणि उपाशी पडलेल्या शेकडो मुली आणि विधवांना त्यांनी आपल्याबरोबर नेले. त्यांच्यासाठी दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभे राहिले.

एवढ्या जणींना जेवू घालायचे तर काम हवे. तिथे शेती होती, विणकाम होते, तेलघाणा होता आणि छापखानाही होता. त्या काळी छपाई म्हणजे शिशाचे खिळे. एकेका अक्षराचा एकेक खिळा पेटीतून उचलायचा, ओळीत उलटा बसवायचा, ओळींचे पान बांधायचे, शाई लावायची आणि यंत्रावर छापायचे. मराठीत काना, मात्रा, जोडाक्षरे असल्यामुळे खिळ्यांची संख्या मोठी आणि काम अधिकच किचकट. कंपोझिटर, म्हणजे जुळारी, हे पुरुषांचे काम समजले जाई. केडगावात ते मुलींना शिकवले गेले. ज्यांना काही वर्षांपूर्वी अक्षर ओळखता येत नव्हते, अशा मुली खिळे जुळवू लागल्या, मुद्रिते तपासू लागल्या, पुस्तके बांधू लागल्या. रमाबाईंनी साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले होते. ते याच छापखान्यात बायकांच्या हातून छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्यांचे बायबल पुस्तकरूपाने १९२४मध्ये बाहेर आले.

रमाबाईंच्या धर्माविषयी त्या काळात मोठे वाद झाले. त्यात आज जायचे कारण नाही. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच की बाईच्या बोटांना अवघड यंत्रकाम जमते का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. तरी तो प्रश्न आपण अजून विचारतोच आहोत.

मग शिवणयंत्रच का आले?

१९०९मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले. तिथे शिक्षणाबरोबर शिवण, भरतकाम आणि परिचारिकेचे काम शिकवले जाई. आज आपण शिवणवर्गाला नाक मुरडतो, पण त्या काळी ते धाडसाचे होते. शिंपीकाम हे पुरुषांचे. विधवेने चार पैसे मिळवायला यंत्रावर बसणे हेच मोठे पाऊल होते. शिवण घरात बसून करता येते, पोर सांभाळून करता येते, घरच्यांचा विरोध कमी होतो, म्हणून ते लवकर पसरले.

अडचण पुढे झाली. एका काळाची युक्ती पुढच्या काळाचा नियम झाली. बायकांसाठी योजना म्हटली की शिवणयंत्र वाटायचे, प्रशिक्षण म्हटले की शिवण आणि कर्तन, फार तर ब्युटी पार्लर, असे ठरूनच गेले. एका गावात पंधरा शिवणयंत्रे आली आणि कपडे शिवून घेणारी घरे मात्र तेवढीच राहिली, मग प्रत्येकीच्या वाट्याला किती काम येणार? शिवण चांगलेच आहे. जिला त्यात गती आहे तिने जरूर शिकावे. पण पोरीला दुसरे काही दाखवलेच नाही, तर तिने शिवण निवडले असे म्हणता येत नाही.

आयटीआय कोणासाठी उघडली?

आता आयटीआयची गोष्ट. तिचे मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांच्या कारखान्यांना कारागीर कमी पडू लागले, तेव्हा १९४०मध्ये इंग्रज सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली. युद्ध संपल्यावर सैन्यातून घरी आलेल्या जवानांना आणि फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना हाताला काम हवे होते. त्यांना शिकवण्यासाठी त्याच व्यवस्थेचा उपयोग झाला. १९५०मध्ये भारत सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि देशात सुमारे ५० संस्था उभ्या राहिल्या. त्याच पुढे आयटीआय म्हणून ओळखल्या गेल्या. १९५६मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६१मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. त्यामुळे शिकलेल्या मुलाला कारखान्यात विद्यावेतनावर प्रत्यक्ष काम शिकण्याची वाट मिळाली.

या संस्थेचे मोठेपण समजून घ्या. तिच्यामुळे पहिल्यांदा असे झाले की सुतार व्हायला सुताराच्या पोटी जन्मावे लागत नाही आणि मिस्त्री व्हायला काका मिस्त्री असावा लागत नाही. अर्ज करा, शिका, परीक्षा द्या, प्रमाणपत्र घ्या. जी विद्या घराण्यात आणि जातीत बंद होती, तिला सरकारी दार लागले. त्या दारावर मुलींना मनाई असे कधीच लिहिलेले नव्हते.

तरी मुली आल्या नाहीत. ज्यांच्या डोळ्यांसमोर जवान, निर्वासित आणि गिरणीतला कामगार होता, त्यांनी शाळा त्यांच्यासाठीच आखली. व्यवसायांची नावेच ऐका. जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री. ऐकताना डोळ्यांसमोर पोरीचा चेहरा येत नाही. त्यातून गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. आपल्या देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीतून शिकायला भंडारा-नागपूरला जायचे तर मुलालाच जड होते, मुलीला कोण पाठवणार?

१९७७मध्ये केंद्र सरकारने बायकांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी वेगळी शाखा उघडली. दिल्लीजवळ राष्ट्रीय संस्था निघाली आणि मुंबई व बंगळूर इथे विभागीय संस्था निघाल्या. महाराष्ट्रात १९८४मध्ये व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणाचे स्वतंत्र संचालनालय झाले. १९८८-८९पासून अकरावी-बारावीला एमसीव्हीसी हे व्यवसाय अभ्यासक्रम आले. तालुक्याच्या ठिकाणी आयटीआय असावी असे राज्याचे धोरण झाले, आणि मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि कचेऱ्या जवळ आल्या. म्हणजे कागदावरचे दार आता पुष्कळ रुंद झाले आहे. दारापर्यंतची वाट मात्र अजून अरुंद आहे. सकाळी वेळेवर एसटी मिळते का, संस्थेत मुलींचे शौचालय चालू स्थितीत आहे का, तीस मुलांच्या तुकडीत ती एकटीच आहे का, या साध्या प्रश्नांवर तिचे शिक्षण टिकते किंवा सुटते.

संकट आले तेव्हा थापी मिळाली

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणेश विसर्जनाची रात्र संपत आली होती आणि लातूर-उस्मानाबादची गावे भूकंपाने कोसळली. हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. काही गावे नव्याने बांधली गेली. पण हजाराहून अधिक गावांत घरे पडली नव्हती, नुसती तडकली होती. ती दुरुस्त करून मजबूत करायची होती आणि हे काम ज्याच्या त्याच्या घरमालकाने करायचे होते. सरकारी मदत कशी मिळते, भिंतीचे कोपरे कसे बांधायचे, छत कसे हलके करायचे, हे घराघरांत जाऊन कोण सांगणार?

या कामासाठी स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. प्रेमा गोपालन या संस्थेच्या प्रमुख होत्या. ज्या बायका कधी चावडीवर बसल्या नव्हत्या त्या अभियंत्याशी बोलू लागल्या. भिंतीत आरपार दगड का घालायचा, हे मिस्त्रीला विचारू लागल्या. काही जणी स्वतः गवंडीकाम शिकल्या. २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्या मराठवाड्यातल्या याच बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. भाषा वेगळी होती, पण पडलेली भिंत दोघींना सारखीच कळत होती.

दुसरे उदाहरण झारखंडचे. स्वच्छ भारत अभियानात तिथे एकदम लाखो शौचालये बांधायची होती आणि मिस्त्री पुरेना. तेव्हा बचत गटांतल्या बायकांना बांधकाम शिकवले गेले. राजमिस्त्री हा शब्द होताच, लोकांनी त्याला जोड दिली : राणी मिस्त्री. अशा राणी मिस्त्री हजारोंच्या संख्येने तयार झाल्या. बघा, काम हाती आले आणि त्यासाठी शब्दही निघाला.

या दोन्ही गोष्टींत एक सारखेपणा आहे, आणि तो थोडा बोचरा आहे. बाईच्या हाती थापी आली ती अडचण आली तेव्हा. माणसे कमी पडली, तेव्हा बाई आठवली. अडचण सरली की तिला परत घमेल्याकडे पाठवले जाऊ शकते. हे होऊ द्यायचे नसेल तर हातात पक्के प्रमाणपत्र हवे, आणि काम देताना ते प्रमाणपत्र बघणारे गावही हवे.

खिळ्यापासून मोबाइलपर्यंत

आता छपाईकडे परत येते. शिशाचे खिळे गेले आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत संगणक आला. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली. संगणकावर मराठी आणि इतर भारतीय लिप्या आणण्यात तिचा मोठा वाटा आहे. छापखान्यातली खिळ्यांची पेटी जाऊन डीटीपीचे टेबल आले. जुळारी बेकार झाले, आणि त्यांच्या जागी कळफलकावर बसायला मुलींना पहिल्यांदाच फारशी कोणी हरकत घेतली नाही. २००१मध्ये एमकेसीएल ही संस्था आली, एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात निघाले आणि खेड्यातल्या लाखो मुला-मुलींनी माउस पहिल्यांदा हातात धरला.

पण संगणक समोर असणे आणि काम येणे यांत फरक आहे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडता येते. लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, पापडाच्या पाकिटावरचे लेबल किंवा दोन मिनिटांची चित्रफीत ग्राहकाला पटेल अशी तयार करणे ही वेगळी विद्या आहे. तिला नजर लागते, रंगाची आणि अक्षराची जाण लागते, सराव लागतो. आयटीआयमधला डीटीपी आणि मल्टिमीडियाचा अभ्यासक्रम तेच शिकवतो. कोपात संगणक चालवणे आणि प्रोग्रामिंगची सुरुवात शिकवतात.

आपल्या गटांना याचा थेट उपयोग आहे. तांदळाचे पापड, मोहाचे लाडू, मध आपण करतो. पाकिटाचे डिझाइन मात्र शहरातला कोणी करून देतो. त्याचे पैसे जातात, आणि लेबलवर गटाचे नावच चुकलेले असते. गटातली एक पोरगी हे शिकली तर चार गटांचे काम तिच्याकडे येईल.

खेड्यातल्या बायका हे करू शकतात का? उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला २००२मध्ये 'खबर लहरिया' नावाचे बुंदेली वर्तमानपत्र बायकांनी सुरू केले. त्यांत दलित बायका होत्या, कमी शिकलेल्या होत्या. पुढे त्या मोबाइलवर बातम्यांच्या चित्रफिती काढू लागल्या. तेलंगणात १५ ऑक्टोबर २००८ रोजी संगम रेडिओ सुरू झाला. तो दलित शेतकरी बायका चालवतात. ध्वनिमुद्रण, काटछाट, प्रसारण सगळे त्यांच्या हाती. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग हा सामुदायिक रेडिओ आहे. स्वयंसेवी संस्थांना असे रेडिओ काढायची परवानगी २००६च्या धोरणाने मिळाली. त्या धोरणामुळेच आज आपणही हे बोलणे ऐकतो आहोत.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो आणि तो बाप्याच्या खिशात असतो. पोरीने हाती घेतला तर डोळे वटारले जातात. ही तीच जुनी गोष्ट आहे. थापी मिस्त्रीच्या हाती, खिळे जुळाऱ्याच्या हाती आणि मोबाइल घरधन्याच्या हाती. ज्याच्या हाती हत्यार नाही तो शिकणार कसा?

आपल्या गटांनी काय करावे?

इतिहास ऐकून सोडून द्यायचा नसतो, म्हणून चार कामाच्या गोष्टी सांगते.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन भरले जातात. वय १४ पूर्ण लागते आणि वरची वयोमर्यादा नाही. म्हणजे तिशीतल्या बाईलाही अर्ज करता येतो. गवंडी, सुतारकाम, संधाता, तारतंत्री अशा काही व्यवसायांना दहावी नापास मुलीही अर्ज करू शकतात. कोपाला दहावी पास लागते. गवंडी आणि कोपा एक वर्षाचे, तर वीजतंत्री आणि आरेखक स्थापत्य दोन वर्षांचे. आरेखकाकडे खास लक्ष द्या. घराचा नकाशा आता संगणकावर काढतात. म्हणजे या एका शिक्षणात बांधकाम आणि संगणक दोन्ही येतात, आणि काम टेबलावर बसून होते.

ज्या आजच रेजा म्हणून काम करतात त्यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी करावी. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केलेले आणि वय १८ ते ६० असले की नोंदणी होते. त्यासाठी मिस्त्रीच असावे लागते असे नाही. घरकुल योजनेत ग्रामीण गवंडी प्रशिक्षण आहे. ते ४५ दिवसांचे असते आणि खरे घर बांधता बांधता शिकवतात. ग्रामसभेत विचारा की आपल्या गावातून त्याला बाईचे नाव गेले का. कामावर शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय असते. तिचीही चौकशी करा.

सप्टेंबर २०२३मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. त्यात गवंडी आणि सुतार यांच्यासह १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षण मिळते, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये मिळतात आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. पण एका कुटुंबातून एकालाच लाभ आहे. तेव्हा घरात कोणाचे नाव लिहायचे हे आधी बसून ठरवा. नेहमीप्रमाणे बाप्याचे नाव आपोआप लिहिले जाऊ देऊ नका.

आणि शेवटची गोष्ट पैशांची नाही. पुढच्या महिन्यात गटाची बैठक असेल, तेव्हा गावातल्या दहावी-बारावीच्या पोरींना बोलवा. आयटीआयची पूर्ण यादी मोठ्याने वाचा. जोडारी म्हणजे काय, संधाता म्हणजे काय, आरेखक म्हणजे काय, हे सांगा. माहिती नसेल तर तालुक्याच्या संस्थेत चार-पाच जणी मिळून जा आणि कार्यशाळा बघून या. तिथल्या निदेशकांना एसटीची वेळ, शौचालय आणि शिकाऊ उमेदवारी या तीन गोष्टी विचारा. एकटी पोरगी विचारायला लाजते. दहा जणींचा गट विचारतो तेव्हा उत्तर द्यावे लागते.

आपल्या गटांनी आजवर बँकेचे दार उघडले. व्यवहाराचे पुस्तक आणि सहीचा अधिकार आपल्या हाती आला. वीस वर्षांपूर्वी यालाही लोक हसत होते. पुढच्या वेळी गावात घरकुलाचे काम निघेल, तेव्हा भिंतीला ओळंबा कोण लावते, तिकडे लक्ष ठेवा.